फोन आपला, किल्ली कोणाची?

२०२१ सालच्या ऑगस्ट महिन्यात महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी एक वेगळेच आंदोलन केले. मोर्चे, धरणी आणि संप ही हत्यारे या महिलांना नवी नाहीत. तुटपुंज्या मानधनासाठी ती त्यांनी अनेकवार उपसली आहेत. या वेळी मात्र त्यांनी शासनाने दिलेली वस्तू शासनालाच परत केली. २०१९ मध्ये सुमारे एक लाख सेविकांच्या हाती जे मोबाइल फोन देण्यात आले होते, ते त्यांनी आपापल्या प्रकल्प कार्यालयांत नेऊन जमा करावयास सुरुवात केली. ‘मोबाइल वापसी’ या नावाने हे आंदोलन ओळखले गेले. कारणे साधी होती. फोनची रॅम अवघी दोन जीबी. १ मार्च २०२१ पासून केंद्र सरकारने आणलेले ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप त्यावर धड चालेना. फोन तापत, अडकत, बंद पडत. दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या माथी येई. आणि भरावयाची माहिती इंग्रजीत. नवे फोन ही मागणी पुढे २०२३ च्या संपातही कायम राहिली.

या आंदोलनाची चर्चा त्या वेळी झाली ती मुख्यतः खरेदीच्या अंगाने. फोन निकृष्ट होते, सबब चांगले फोन द्यावेत, असा तिचा सूर होता. तो अयोग्य नव्हता. परंतु या प्रकरणात आणखी एक प्रश्न दडलेला होता आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. दोन वर्षांत यंत्र म्हातारे होत नाही. शिवणयंत्र, सायकल, पाण्याचा पंप या वस्तू आपण दहा-दहा वर्षे वापरतो, त्यांचा एखादा भाग झिजला तर तो बदलतो आणि पुढे चालू लागतो. फोनच्या बाबतीत झिजले नव्हते काही. वाढला होता तो त्याच्यावरील सॉफ्टवेअरचा भार. मग ते सॉफ्टवेअर हलके करण्याचा किंवा मुळातून बदलण्याचा अधिकार कोणाचा? ज्या शासनाने पैसे मोजले त्याने हा अधिकार वापरून पाहावा, असे कोणाच्या मनात आल्याचे दिसले नाही. फोन परत आले, कपाटात गेले.

हा प्रश्न गोंदियासारख्या जिल्ह्यात जितका निकडीचा आहे तितका तो पुण्या-मुंबईत नाही. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या आठ तालुक्यांच्या जिल्ह्यात तेरा लाखांवर लोक राहतात. धान, तेंदूपाने, विडी आणि राइस मिल यांवर येथील बहुतेकांचा चरितार्थ. येथे स्मार्टफोन आला तो चैनीची वस्तू म्हणून नव्हे. पुष्कळ घरांत तो शासनाच्या आदेशामागोमाग आला. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली आणि आपल्या बांधात काय उभे आहे याची नोंद शेतकऱ्याने स्वतः फोनवरून करावी असे ठरले. हमीभावाने धान विकावयाचे तर सातबाऱ्यावर पिकाची नोंद हवी; म्हणजे धानाच्या पैशाची वाट फोनमधून जाते. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावरील मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा छायाचित्र काढून फोनवर नोंदविणे देशभर अनिवार्य झाले. शिक्षक, ग्रामसेवक, आशा, सेविका यांतील कोणालाही विचारावे. कामाचे निम्मे ओझे आता या चपट्या पेटीत आले आहे. सालेकसा किंवा देवरीच्या जंगलपट्ट्यात जेथे रेंज मिळविण्यासाठी टेकाड चढावे लागते, तेथेही हीच स्थिती. जी वस्तू कामासाठी सक्तीची झाली, ती किती वर्षे टिकावी हा प्रश्न मग केवळ खाजगी आवडीनिवडीचा उरत नाही.

फोनचे आयुष्य नेमके कशाने ठरते हे समजून घेण्यासाठी गोंदियाच्या वाचकाला फार दूर जावयास नको. राइस मिलमध्ये यंत्रे असतात आणि ती चालविणारा मिस्त्री असतो. धान किती टाकावे, कोणते चाक केव्हा फिरवावे, कोंडा कोठे काढावा हे तो पाहतो. फोनमधील ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजेच कार्यप्रणाली, हा असा मिस्त्री होय. कॅमेरा, स्पर्शपटल, स्मृती, रेडिओ ही यंत्रे. ॲप म्हणजे धान घेऊन येणारी गिऱ्हाइके. आता अशी कल्पना करावी की, मिलमालकाने यंत्राबरोबर मिस्त्रीही कारखानदाराकडून घेतला, तीन वर्षांनी कारखानदाराने त्या मिस्त्रीचे शिक्षण थांबविले, आणि मालकाला दुसरा मिस्त्री नेमण्यास मनाई केली. यंत्रे धडधाकट असूनही मिल बंद. कोणत्याही मालकाने ही अट मानली नसती. फोनच्या बाबतीत ती आपण सर्वांनी न वाचताच मान्य केली आहे.

गंमतीचा भाग असा की, हा मिस्त्री मुळात सार्वजनिक मालकीचा आहे. देशातील शंभरातील नव्वदाहून अधिक स्मार्टफोन ज्या अँड्रॉइडवर चालतात, त्याचा गाभा लिनक्स हा आहे. लिनक्सचा परवाना असा की, जो तो वितरित करील त्याने त्याची मूळ संहिताही घेणाऱ्यास उपलब्ध करून दिली पाहिजे. गाभ्यावरील अँड्रॉइडचा पुष्कळसा भागही गूगल मुक्तस्रोत म्हणून प्रसिद्ध करते. कोणीही तो उतरवून घ्यावा, तपासावा, बदलावा. बंद आहेत ते दोन थर: वरचा, गूगलच्या स्वतःच्या सेवांचा, आणि खालचा, चिप बनविणाऱ्यांनी दिलेल्या चालक-संहितांचा. मधला सगळा मजला मोकळा आहे. या मोकळ्या मजल्यावरच पर्यायी कार्यप्रणालींचा संसार उभा राहिला.

त्याचा इतिहास तसा अल्पच, पण बोधक आहे. २००९ मध्ये स्टीव्ह काँडिक या अमेरिकी प्रोग्रामरने पहिल्या अँड्रॉइड फोनसाठी स्वतः सुधारलेली आवृत्ती लोकांना दिली. ‘सायनोजेनमॉड’ म्हणून ती जगभर पसरली. त्याच वर्षी गूगलने आपली बंद ॲप्स तीत घालण्यास हरकत घेतली आणि ती काढावी लागली. पुढे २०१३ मध्ये तिच्याभोवती कंपनी निघाली, आणि येथेच भारताचा संबंध आला. डिसेंबर २०१४ मध्ये दोन फोनकंपन्या या एका कार्यप्रणालीच्या भारतातील हक्कावरून दिल्ली उच्च न्यायालयात एकमेकींविरुद्ध उभ्या ठाकल्या. जे मुळात सर्वांचे, त्यावर अनन्य हक्काचा खटला! कंपनीचा डोलारा फार टिकला नाही. २०१६ च्या अखेरीस तिने सेवा बंद केल्याचे जाहीर केले. एखादी बंद मालकीची प्रणाली असती तर तिचा तेथेच अंत झाला असता. परंतु संहिता सर्वांच्या हाती होती. स्वयंसेवकांनी ती उचलली, ‘लिनिएजओएस’ हे नवे नाव दिले आणि काम पुढे चालू ठेवले. आजही ते चालू आहे. असेच दुसरे उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. मोझिलाने सोडून दिलेल्या फायरफॉक्स ओएसच्या मुक्त संहितेतून कायओएस निघाली आणि २०१७ मध्ये जिओफोनच्या रूपाने ती खेड्यापाड्यांत पोहोचली.

प्रत्यक्षात ही अदलाबदल होते कशी? आपल्याकडे मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ‘सॉफ्टवेअर मारावे लागेल’ असे वाक्य नेहमी ऐकू येते. दुकानदार तेथे बहुधा कंपनीचीच मूळ प्रणाली पुन्हा भरतो. जुना मिस्त्री झोपेतून उठवून परत उभा करावा तसे. पर्यायी प्रणाली बसविणे याच्या पुढचे काम आहे. फोन सुरू होताच सर्वप्रथम जागा होणारा एक लहानसा कार्यक्रम असतो. त्याला बूटलोडर म्हणतात. पुढे कोणाला आत घ्यावयाचे हे तो ठरवितो आणि कंपनीची सही नसलेल्या प्रणालीस तो दारातूनच परत पाठवितो. हे दार उघडणे ही पहिली पायरी. फोनच्या माहितीपत्रकातील ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा बोट टेकविले की एक दडलेली यादी उघडते, तीत कुलूप काढण्यास अनुमती देणारी कळ असते; नंतर संगणकाला तार जोडून आज्ञा द्यावी लागते. कुलूप निघते त्या क्षणी फोनमधील सर्व माहिती पुसली जाते. ही खोड नसून संरक्षण आहे, कारण एरवी चोराने कुलूप काढून आपले फोटो व पत्रे वाचली असती. पुढे पुनर्स्थापनेचा एक छोटा कार्यक्रम बसवावयाचा आणि त्याच्या साहाय्याने नेमक्या त्याच प्रतिकृतीसाठी तयार झालेली प्रणाली आत सोडावयाची. ‘नेमक्या त्याच’ हे शब्द महत्त्वाचे. एकाच नावाच्या फोनांत दोन वेगळ्या चिपा असतात. चुकीची प्रणाली भरली तर फोन ‘डेड’ होतो, आणि हमी तर बहुधा पहिल्याच पायरीवर गेलेली असते. बॅटरी पुरेशी भरलेली असावी, तार चांगली असावी, आणि ज्या फोनवर घराचे सारे व्यवहार अवलंबून आहेत त्यावर पहिला प्रयोग करू नये, एवढे पथ्य मात्र कोणीही पाळावे.

फळ काय मिळते? रेडमी नोट ४ हा जानेवारी २०१७ मध्ये भारतात आलेला फोन त्या वर्षी सर्वाधिक खपलेल्यांपैकी एक होता. कंपनीने त्याला अँड्रॉइड ७ वर थांबविले. स्वयंसेवकांनी तो कितीतरी पुढच्या आवृत्त्यांपर्यंत नेला. हॉलंडमधील फेअरफोन कंपनीचे उदाहरण त्याहून बोलके आहे. २०१५ मध्ये तिने आणलेल्या फोनच्या चिपनिर्मात्याने साथ सोडली, तेव्हा कंपनीने लिनिएजओएसच्या मुक्त संहितेचा आधार घेऊन तो अँड्रॉइड १० पर्यंत पोहोचविला आणि मार्च २०२३ पर्यंत, म्हणजे सात वर्षांहून अधिक काळ, सांभाळला.

तेव्हा अंगणवाडीचे ते फोन वाचले असते काय? प्रामाणिक उत्तर असे की, सगळे नव्हे. कार्यप्रणाली बदलून दोन जीबीची चार जीबी होत नाही, आणि ॲपच अवजड असेल तर हलका मिस्त्री तरी किती पुरा पडणार? परंतु दोन जीबीच्या फोनवर कंपनीने स्वतःहून भरलेली, काढून न टाकता येणारी ॲप्स बाजूला सारली तर मोकळा श्वास घेण्याइतकी जागा निश्चित होते. अशा लहान स्मृतीच्या फोनांसाठी गूगलने स्वतःच ‘गो’ नावाची हलकी आवृत्ती काढली, याचा अर्थ भार कमी करण्याची गरज खुद्द निर्मात्यांनाही पटली होती. एक लाख एकसारखे फोन ही या दृष्टीने केवढी मोठी सोय! स्वयंसेवकांची खरी अडचण फोनांच्या शेकडो प्रकारांची असते. येथे एका प्रकारासाठी एकदा केलेले काम लाखभर फोनांना लागू पडले असते. त्यासाठी कुलूप उघडे हवे होते आणि चालक-संहिता हाती हव्या होत्या. या दोन गोष्टी खरेदीच्या वेळीच मागाव्या लागतात. नंतर त्या कोणी देत नाही.

कुलपाचे धोरण तर दिवसेंदिवस कठोर होत आहे. हुआवेने २०१८ मध्ये कुलपाच्या किल्ल्या देणे बंद केले. शाओमी पूर्वी आठवडाभर थांबवून का होईना कुलूप काढू देत असे; २०२३ नंतर तिच्याही अटी वाढल्या. कंपन्या सुरक्षिततेचे कारण देतात. त्यात तथ्य नाही असे नाही. उघड्या बूटलोडरचा फोन चोरीस गेला किंवा वाईट हाती पडला तर धोका अधिक असतो, हे मान्यच करावयास हवे. पण सुरक्षिततेच्या नावाखाली ज्या फोनला तीन वर्षांनी एकही दुरुस्ती मिळत नाही, त्याचे काय? जुनी छिद्रे तशीच ठेवून दाराला मोठे कुलूप लावावे, तशातला हा प्रकार झाला. आणि कुलूप व स्वातंत्र्य यांत वैर असलेच पाहिजे असेही नाही. ग्राफीनओएस ही प्रणाली गूगलच्याच पिक्सेल फोनवर बसविल्यानंतर मालक आपल्या किल्लीने बूटलोडर पुन्हा बंद करू शकतो. पिक्सेलची किंमत धान विकणाऱ्यास परवडणारी नाही, एवढेच तिचे न्यून.

सामान्य माणसाला अडवितो तो याहून वेगळाच अडसर. पर्यायी प्रणाली बसविली, फोन सुरळीत चालू लागला, आणि बँकेचे ॲप उघडले तर ते सांगते की, हे उपकरण विश्वासार्ह नाही. ‘प्ले इंटिग्रिटी’ नावाच्या गूगलच्या तपासणीवर अनेक बँका विसंबतात. फोनवर गूगलने मान्य केलेली प्रणाली आहे की नाही एवढे ती पाहते. सात वर्षे दुरुस्ती न झालेला जुना फोन या परीक्षेत पुष्कळदा उत्तीर्ण होतो आणि गेल्या महिन्यात दुरुस्त झालेला, पण पर्यायी प्रणालीचा फोन नापास होतो. चहाच्या टपरीपासून धान्यदुकानापर्यंत यूपीआयचा कागद चिकटविलेल्या या देशात बँकेचे ॲप नाही म्हणजे फोन अर्धा गेला. एका परकीय खाजगी कंपनीच्या प्रमाणपत्राविना भारतीय नागरिकास आपल्याच खात्यातील पैसे फोनवरून देता येऊ नयेत, या विसंगतीकडे रिझर्व्ह बँकेने लक्ष घालावे असे वाटते. किमान संकेतस्थळावरून व्यवहार करण्याची पूर्ण सोय बँकांनी राखली पाहिजे.

गूगलच्या या वर्चस्वाचा प्रश्न आपल्याकडे अगदीच उठला नाही असे नाही. तिघा तरुणांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने प्रदीर्घ चौकशी केली आणि २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. फोननिर्मात्यांना अँड्रॉइडच्या सुधारित आवृत्त्या काढण्यापासून करारांनी रोखले जात होते, हा त्यातील एक ठपका. २९ मार्च २०२३ रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने काही निर्देश रद्द केले, पण दंड कायम ठेवला. निकाल महत्त्वाचा खरा. मात्र तो निर्मात्यांच्या स्वातंत्र्याचा आहे. विकत घेणाऱ्याने आपल्या फोनचे काय करावे याबद्दल त्यात काही नाही. जानेवारी २०२३ मध्ये मद्रास आयआयटीच्या आश्रयाने ‘भारओएस’चा गाजावाजा झाला, दोन केंद्रीय मंत्र्यांनी तिची चाचणी घेतली. स्वदेशीचा जयघोष झाला तरी तिचाही पाया अँड्रॉइडच्या मुक्त संहितेचाच, आणि ती होती कडक गोपनीयतेची गरज असलेल्या संस्थांसाठी. देवरीच्या शिक्षकाच्या तीन वर्षांच्या फोनला तिचा उपयोग नव्हता.

भाषेची बाजूही विसरून चालणार नाही. गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडी भाषेसाठी लिपी तयार केली. जवळजवळ शंभर वर्षांनी, २०१७ मध्ये, तिला युनिकोडमध्ये स्थान मिळाले आणि तिचा मुक्त परवान्याचा टंकही निघाला. त्यापूर्वीच्या प्रणालीवर अडकलेल्या फोनवर मात्र हे अक्षर आले की रिकामा चौकोन दिसतो. कचारगडच्या यात्रेला जाणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या भाषेत संदेश लिहिला तर तो वाचता यावा की नाही, हे फोनवरील प्रणाली किती जुनी आहे यावर ठरते. मराठीची स्थिती बरी. मुक्त संहितेचा इंडिक कीबोर्ड केरळातील कार्यकर्त्यांच्या चळवळीतून आला आणि तो मराठीसह अनेक भारतीय भाषा लिहू देतो. पोषण ट्रॅकर प्रथम इंग्रजीत आले, यासाठी सेविकांना भांडावे लागले. संहिता खुली असती तर भाषांतरासाठी दिल्लीकडे डोळे लावून बसण्याची वेळ आली नसती.

करावयाचे काय, हे अवघड नाही. केंद्र सरकारने २०१५ मध्येच आपल्या कारभारात मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केलेले आहे. फोनच्या खरेदीला ते लागू करावे. शासनाच्या पैशाने जो फोन घेतला जाईल त्याचे बूटलोडर खरेदीदारास उघडता आले पाहिजे, गाभ्याची संहिता व चालक-संहिता निविदेबरोबर मिळाल्या पाहिजेत, आणि सुरक्षाविषयक दुरुस्त्या किमान पाच वर्षे मिळतील अशी लेखी हमी असली पाहिजे, असे तीन शब्द निविदेत घालण्यास नवा कायदा लागत नाही. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून विक्रीस येणाऱ्या फोनांवर अशा पाच वर्षांच्या अद्ययावततेचे बंधन घातलेच आहे. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले, त्यात मोबाइलचाही समावेश आहे. परंतु तेथील दुरुस्ती म्हणजे काच, बॅटरी आणि सुटे भाग. फोन बहुधा ज्यामुळे मरतो ती गोष्ट त्या हक्कात यावयाची राहिली आहे.

जिल्ह्यापुरते बोलायचे तर आरंभ याहूनही लहान असू शकतो. गोंदियात अभियांत्रिकी आणि विज्ञान महाविद्यालये आहेत, आयटीआय आहेत. तेथील विद्यार्थ्यांना संगणक आहे, तार आहे, वेळ आहे. जिल्ह्यातील शाळा व कार्यालयांत पडून असलेले जुने फोन गोळा करून कोणत्या प्रतिकृतीचे कुलूप निघते, कोणत्यासाठी प्रणाली तयार आहे आणि बदलानंतर कोणती शासकीय ॲप्स चालतात याची एक यादी त्यांनी तयार केली, तर पुढच्या खरेदीच्या वेळी जिल्हा परिषदेला ती उपयोगी पडेल. बँकेचे ॲप नसले तरी हजेरी, पीकनोंद, नकाशे, पुस्तके आणि वर्गातील ध्वनिफिती यांसाठी असा फोन पुरेसा असतो. शासकीय ॲप्स बनविणाऱ्यांनी मात्र गूगलच्या प्रमाणपत्राची अट घालू नये. ती घातली गेली तर विद्यार्थ्यांची यादी रिकामीच राहील, आणि कपाटातील फोन कपाटातच.